कांडीचा दर

आमच्या घरात रेशीम येत नाही. कोश उकळत्या पाण्यात टाकल्याशिवाय अखंड धागा निघत नाही आणि त्या कोशात जीव असतो, हे सासूबाईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच दसलक्षण पर्वात सांगितलं होतं. तेव्हापासून लग्नकार्य असो की पंचकल्याणक पूजा, अंगावर असते ती कृत्रिम रेशमाची साडी. लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही. शिवाय ती लांबून आणावीही लागत नाही. बेळगावात शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत ती घराघरांतल्या यंत्रमागांवर विणली जाते. दुपारी जेवणं उरकून जरा आडवं व्हावं तर कानावर मागांची खटखट. वीज गेली की सगळं गप्प होतं. पाहुण्यांना वाटतं, बरं झालं, आता झोप लागेल. आम्हाला मात्र माहीत असतं की तेवढा वेळ कुणाची तरी मजुरी थांबली आहे.

माझं माहेर कापडवाल्यांचं. १९५७ सालापासून कापडावर राज्यांनी विक्रीकर घ्यायचा नाही, त्याऐवजी केंद्राने जादा अबकारी घेऊन ती राज्यांना वाटून द्यायची, अशी तोड निघाली होती. त्यामुळे वडिलांच्या दुकानातल्या बिलावर कराची ओळच नसायची. कर होता, पण तो आधीच कुठेतरी वर भरला गेलेला असायचा. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि ही ओळ पहिल्यांदा कापडाच्या बिलावर उमटली. सुरतेचा कापडबाजार तेव्हा कित्येक दिवस बंद राहिला. वर्तमानपत्रांत व्यापाऱ्यांचे मोर्चे आले. कापडावर कर ५ टक्के. एवढ्यासाठी एवढा गोंधळ? असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. मीही घरात विचारलंच.

मग एक दिवस दरांचं कोष्टक हाती आलं आणि मी ते बाईमाणसाच्या सवयीने, वाणसामानाची यादी तपासावी तसं ओळीने वाचलं. रेशमाच्या कोशावर शून्य. कच्च्या रेशमावर शून्य. रेशमी सुतावर ५ टक्के. कापसाच्या सुतावर ५ टक्के. आणि कृत्रिम धाग्याच्या सुतावर १८ टक्के! त्या ऑक्टोबरात तो दर १२ वर आला आणि पुढे कितीतरी वर्षं तिथेच राहिला. कापूस नि रेशीम शेतकऱ्याचं, कृत्रिम सूत कारखान्याचं, असा हिशेब त्यामागे असावा. तो चूक आहे असंही मी म्हणणार नाही. पण ज्या धाग्यापायी एकही जीव गेला नाही, त्याच धाग्यावर सगळ्यांत जास्त कर, हे वाचून मला जरा हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं.

हा कर साडी घेणाऱ्याला दिसत नाही. साडी शिवलेली नसल्यामुळे ती कापडातच धरतात. तिच्यावर ५ टक्केच. खरी गोष्ट मागावर घडते. समजा, विणणाऱ्याने १०० रुपयांचं सूत घेतलं. १८ टक्क्यांच्या काळात त्यावर १८ रुपये कर भरला. त्याची साडी १८० रुपयांना विकली, तर गिऱ्हाइकाकडून ५ टक्क्यांनी ९ रुपये कर आला. आधी भरलेल्या १८ मधले ९ वळते झाले, ९ अडकले. हा पैसा परत मागायची सोय कापडवाल्यांना सुरुवातीला नव्हतीच. ती १ ऑगस्ट २०१८ पासून मिळाली. मिळाली तरी अर्ज भरा, कागद जोडा, वाट बघा. मोठ्याला वाट बघणं परवडतं, कारण त्याच्यापाशी बसून हिशेब करणारा माणूस असतो आणि बँक दारात उभी करून घेते. दोन मागांच्या माणसाचं भांडवल म्हणजे पुढच्या आठवड्याचं सूत.

त्यात आमच्याकडचे पुष्कळ मागवाले मजुरीवर विणतात. सूत व्यापाऱ्याचं, साडीही व्यापाऱ्याची, यांचं फक्त विणणं. म्हणजे अडकलेला पैसा व्यापाऱ्याचा. मग यांना काय झळ? आमच्या मागच्या गल्लीत कांड्या भरणाऱ्या एक अक्का आहेत. सकाळची भांडीकुंडी झाली की दारातल्या यंत्रावर बसतात आणि मागाच्या धोट्यात जातात त्या कांड्यांवर सूत भरतात. मी त्यांना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "वैनी, शेठजींचा पैसा अडकला की ते मागवाल्याची मजुरी लांबवतात. मागवाला माझी लांबवतो. मी कुणाची लांबवू? दूधवाल्याची?"

अर्थशास्त्राचं पुस्तक मीही बी.ए.ला वाचलं होतं. कराचा भार शेवटी कुणावर पडतो, यावर त्यात अख्खं प्रकरण होतं. अक्कांइतकं सोपं करून मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

आमचं गाव सीमेवरचं, म्हणून आणखी एक गाठ. ४० लाखांच्या आत उलाढाल असली तर माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. पण माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा म्हटला की ही सूट संपते. हातमागाला आणि हस्तकलेला यात सवलत आहे, यंत्रमागाला नाही. कोल्हापूर आम्हाला सव्वाशे किलोमीटरच्या आत, बेंगळुरू पाचशेच्या घरात. सोयरीक कोल्हापूर-सांगलीकडची, भाषा तिकडची, साडीची आवडही तिकडची. तरी घरी विणलेल्या दहा साड्या पार्सलने कोल्हापूरला पाठवायच्या तर आधी नंबर काढा, मग ठरल्या तारखांना विवरणपत्रं भरा. छोट्यांसाठी १ टक्क्याची सोपी योजना आहे, तीही परराज्यात माल पाठवणाऱ्याला मिळत नाही. कर सगळा मिळून किती, तर एका सुटकेसभर. त्याचे कागद मात्र ट्रकभर.

आपल्याच कापडावरचा कर या देशाने पूर्वीही पाहिला आहे. १८९६ साली इंग्रजांनी हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली, ती लँकेशायरच्या गिरण्यांची समजूत काढायला. तिथे हेतूच वाईट होता. आताच्या करात तसा हेतू कुणी दाखवू शकणार नाही. रस्ते, शाळा, दवाखाने आकाशातून पडत नाहीत. कर द्यायलाच हवा. माग बंद पडायला कर एकटाच कारण नाही, हेही खरं. सुरतेचा स्वस्त माल आहे, वीजबिल आहे, करोनाची दोन वर्षं आहेत. पण आमच्या शास्त्रात हिंसेचं मूळ प्रमादात सांगितलं आहे. मारायचा विचार मनात नव्हता एवढ्याने माणूस सुटत नाही. पाऊल टाकताना खाली पाहिलं होतं का, हे विचारलं जातं. दर ठरवणाऱ्यांनी सुतापासून साडीपर्यंतची वाट एकदा चालून पाहिली असती, तर ही उलटी उतरंड पहिल्याच दिवशी दिसली असती. पुढे ती सरळ करायला निघाले, तेही साडीवरचाच कर वाढवून: १ जानेवारी २०२२ पासून कापड १२ टक्के होणार होतं. देशभर ओरड झाली, तेव्हा ३१ डिसेंबरला, आदल्या दिवशी, ते पुढे ढकललं.

शेवटी २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम सुतावरचा कर ५ टक्के झाला. सूत ५, कापड ५. गाठ सुटली, आणि ज्यांनी सोडवली त्यांचं कौतुक करायला हवं. फक्त मधे आठ वर्षं गेली. तेवढ्यात आमच्या मागच्या गल्लीतले चार माग भंगारात गेले. माग भंगारात किलोवर जातो. त्यावर किती साड्या विणल्या हे कुणी विचारत नाही.

दर उतरल्याची बातमी मी अक्कांना मोठ्या उत्साहाने सांगायला गेले. त्यांनी यंत्र थांबवलं नाही. तुटलेला धागा बोटाने जोडत म्हणाल्या, "उतरला तर चांगलंच की. कांडीचा दर कधी वाढतोय, तेवढं त्यात लिहिलंय काय बघा."

मी परत येऊन पेपर पुन्हा वाचला. तेवढं त्यात नव्हतं.