जसोंडी ते इंदूर : किराण्याच्या एका यादीचा प्रवास

मध्यप्रदेशाच्या दक्षिण टोकाला, तापीच्या खोऱ्यात, बऱ्हाणपूर तहसिलीत जसोंडी नावाचे गाव आहे. वाचकांपैकी फारच थोड्यांच्या कानावर हे नाव गेले असेल. परंतु भुसावळहून खंडव्याकडे जाताना रावेर मागे पडल्यावर आगगाडीच्या खिडकीतून ज्यांनी केळीच्या बागा पाहिल्या असतील, त्यांनी आमचा मुलूख पाहिला आहे असे समजावयास हरकत नाही. राज्य कोठे संपते आणि कोठे सुरू होते हे येथे पाटीवाचून कळत नाही. माणसे घरात मराठी बोलतात, कचेरीत हिंदी, आणि बांधावर निमाडी व खानदेशी ह्यांची अशी काही मिसळ, की एम. ए. ला भाषाशास्त्राचा पेपर घेऊनही आम्हांस तिचे व्याकरण सांगता येणार नाही.

अशा गावातून किल्ले, घाट आणि देवळे ह्यांवर लिहावे अशी रीत आहे. बऱ्हाणपुरात त्यांची वाणही नाही. परंतु आज आम्ही एका साध्या प्रश्नाचा माग काढीत जसोंडीहून निघून इंदूरपर्यंत जाणार आहोत. पगाराच्या पहिल्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत हा प्रश्न हमखास निघतो : महिन्याचा किराणा कोठून भरावा?

मार्ग चार आहेत. पहिला गावातला किराणा दुकानदार. दुसरा बऱ्हाणपूरचा घाऊक व्यापारी. तिसरा इंदूरसारख्या शहरातील मोठी दुकाने, त्यांतही साधी 'सुपरमार्केटे' आणि मुद्दाम स्वस्तात विकणारी अशी दोन कुळे. चौथा मार्ग सरकारी उचित मूल्याच्या दुकानाचा, ज्यास आमच्याकडे अजून 'कंट्रोल' म्हणतात. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली पात्र कुटुंबातील प्रत्येक माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते आणि 2023 च्या जानेवारीपासून ते विनामूल्य आहे. फुकटाशी स्वस्ताईची तुलना होत नाही. म्हणून कंट्रोल बाजूला ठेवू. शिवाय तेल, डाळ, साबण ह्यांचा प्रश्न त्याने सुटत नाहीच.

बऱ्हाणपूरला भावाची घासाघीस नवी नाही. फारुकी सुलतानांनी वसविलेले हे शहर पुढे मोगलांचे दक्षिणेचे ठाणे झाले. 1615 साली इंग्रज वकील सर टॉमस रो येथे शाहजादा परवेझच्या भेटीस आला होता. सतराव्या शतकातच आलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड आणि मस्कोव्हीपर्यंत जात असल्याचे लिहून गेला आहे. आज त्या कापडाची जागा यंत्रमागाने घेतली आहे. तरी इतवारा, शनवारा अशी वारांची नावे मिरविणाऱ्या वस्त्यांतून हिंडताना, येथे शतकानुशतके कोणीतरी कोणाला 'अजून थोडे कमी करा' म्हणत आले आहे, ह्याची जाणीव राहते. घाऊक दुकानांत आजही डाळीची मूठ तळहातावर पसरून, दोन दाणे दाताखाली फोडून मगच भाव विचारतात. आधी भाव विचारणारा गिऱ्हाईक नवखा समजला जातो.

आता इंदूर. बऱ्हाणपूरहून असीरगडाच्या पायथ्याने, खंडवा, सनावद करीत, मोरटक्क्याला नर्मदा ओलांडून हा रस्ता जातो. पावणेदोनशे किलोमीटरांहून थोडी अधिक मजल आहे. केवळ किराण्यासाठी इतक्या दूर कोणी जात नाही. लग्न, दवाखाना, मुलांच्या परीक्षा ह्या निमित्तांनी जाणारी मंडळी परतताना पिशव्या भरून आणतात, आणि मग गावात आठ दिवस भावांची चर्चा रंगते. आम्हीही गेल्या वर्षभरात दोनदा असेच कामानिमित्त गेलो आणि दोन्ही वेळा हातात यादी व पेन्सिल घेऊन दोन्ही कुळांतील दुकाने हिंडलो. सौ. बाहेर बाकावर बसून राहिल्या. पेन्सिल घेऊन भाव टिपणाऱ्या माणसाबरोबर आत येण्याची त्यांची तयारी नव्हती.

स्वस्त विकणाऱ्या दुकानाचे आपल्याकडील ठळक उदाहरण म्हणजे डी-मार्ट. त्याचा इतिहास मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा आहे. 1948 साली मुंबईच्या नायगावात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, एक सहकारी भांडार निघाले. त्यातूनच पुढे 'अपना बाजार' उभा राहिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस राधाकिशन दमाणी ह्यांनी नव्या मुंबईतील नेरुळ येथे ह्याच अपना बाजारची एक शाखा चालवावयास घेतली होती. तो व्यवहार त्यांच्या पसंतीस उतरला नाही आणि 2002 साली त्यांनी पवईला आपले पहिले दुकान काढले. 2025 च्या मार्चअखेर ह्या दुकानांची संख्या चारशेंच्या वर गेली होती.

तेथे माल स्वस्त का मिळतो, ह्यामागे कोणतीही जादू नाही. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, म्हणजे भाड्याचा बोजा नाही. पुरवठादाराचे पैसे इतरांपेक्षा लवकर चुकते करावयाचे आणि त्या बदल्यात भावात सूट मागावयाची. एकेका वस्तूचे दहा प्रकार न ठेवता जे खपते तेवढेच ठेवावयाचे. सजावट बेताची. नफा थोडा, पण माल फडताळावर फार दिवस पडून राहात नाही. आमच्या आजोबांच्या पिढीतला कोणताही हुशार वाणी हेच म्हणाला असता. फक्त त्याच्याकडे चारशे दुकाने नव्हती.

दुसऱ्या कुळातील दुकानांत गारवा अधिक, वाटा रुंद, तांदळाचेच इतके प्रकार की निवड करताना मन गोंधळावे. तेथे सवलती असतात, पण त्या वाराप्रमाणे, कार्डाप्रमाणे, 'दोनावर एक' ह्या हिशेबाने. ज्याला एकच हवा आहे त्याला ती सवलत उपयोगाची नाही. युरोपातही हेच दोन पंथ आहेत. जर्मनीतील एसेन गावी आईने 1913 साली काढलेल्या छोट्या दुकानातून आल्ब्रेख्त बंधूंनी पुढे आल्डी उभी केली. थोड्या वस्तू, बहुतेक स्वतःच्याच नावाच्या, आणि खोक्यांतूनच विक्री, ही त्यांची पद्धत. इंग्लंडातील आमचे एक विद्यार्थी लिहितात की तेथे आल्डी व लिडल ह्यांच्याशी टक्कर देण्यासाठी टेस्कोसारख्या जुन्या दुकानांनी आपल्या कार्डधारकांना वेगळा भाव लावावयास सुरुवात केली आहे. एकाच फडताळावर एकाच डब्याला दोन किमती! शालिवाहन शकात असा न्याय ऐकला नव्हता.

आपल्या देशातील तुलनेत मात्र एक गोम आहे, जी तिकडे नाही. आपल्याकडे वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते आणि सगळी सवलत त्या आकड्यापासून मोजतात. तो आकडा छापतो कोण? माल बनविणाराच. म्हणजे आकडा मुळातच फुगवून छापला, तर 'निम्म्या किमतीत' हे शब्द खरे असूनही पोकळ ठरतात. नावाजलेल्या साबणाच्या वा दंतमंजनाच्या बाबतीत हे फारसे घडत नाही, कारण त्याचा भाव घरोघर ठाऊक असतो. सुकामेवा, मसाले, कमी परिचयाच्या नावाची बिस्किटे येथे सावध राहावे. खरी किंमत कळते ती दर ग्रॅमामागे. अलीकडच्या दुरुस्तीनुसार वेष्टनावर ही एककाची किंमतही छापावी लागते, परंतु ती इतक्या बारीक अक्षरांत असते, की आमच्या वयाच्या माणसाने चष्मा पुसूनच बाजारास निघावे.

आम्ही आठवीच्या मुलांना घरातील रिकामी वेष्टने आणावयास सांगून दर शंभर ग्रॅमचा भाव काढावयास लावला. 'मोठे पुडके म्हणजे स्वस्त' ह्या सर्वमान्य समजुतीस मुलांनी त्या एका तासात सुरुंग लावला. काही मोठी पुडकी खरोखरच स्वस्त होती. काहींत काडीचाही फरक नव्हता. आणि शांपूच्या बाबतीत तर बाटलीपेक्षा एक रुपयाची पुडीच मिलिलिटरमागे स्वस्त निघाली. त्रैराशिक आवडीने करणारी मुले आम्ही त्या दिवशी प्रथमच पाहिली.

आमच्या पेन्सिलीच्या टिपणातून दिसले ते असे. कारखान्यात बांधून येणारा माल, म्हणजे साबण, धुण्याची पावडर, दंतमंजन, चहा, पिशवीतले तेल, स्वस्त विकणाऱ्या दुकानात गावापेक्षा निश्चित कमी भावाने मिळतो, आणि दुसऱ्या कुळातील दुकानापेक्षाही बहुधा कमी. सुट्या मालाची गोष्ट निराळी. तूरडाळ, गूळ, मिरची, शेंगदाणे बऱ्हाणपूरच्या घाऊक बाजारात त्याच भावाला अधिक सरस मिळाले. केळ्यांबद्दल आम्ही बोलत नाही; जसोंडीच्या माणसाने इंदुरात काचेआड ठेवलेली केळी विकत घेणे म्हणजे काशीच्या माणसाने गंगाजल विकत घेण्यासारखे आहे.

शिवाय येण्याजाण्याचे काय? समजा, शंभरामागे दहा रुपये वाचतात आणि यादी तीन हजारांची आहे. वाचले तीनशे. दोन माणसांचे इंदूरचे जाणे-येणे, चहा-फराळ एवढ्यात होत नाही. बऱ्हाणपूरचे होते. यादीबाहेरच्या वस्तूंचा हिशेब वेगळाच. आमच्या शेजारच्या कुटुंबाचे बिल आम्ही त्यांच्या परवानगीने तपासले. एकतृतीयांश रक्कम अशा वस्तूंची होती, ज्यांची घरातून निघताना कोणालाच गरज भासली नव्हती. पैकी एक प्लास्टिकची फुलदाणी अद्याप त्यांच्या दिवाणखान्यात आहे.

आता गावाच्या दुकानाकडे वळू, कारण आमच्या मते प्रश्नाचा गाभा तेथेच आहे. येथे किंमत छापील आकड्याहून सहसा खाली येत नाही. निवड नाही. पण तेथे वही आहे. आमच्याकडील शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो घड कापल्यावर. उन्हाळ्याच्या अखेरीस वादळ सुटले, की उभी बाग तासाभरात आडवी होते. अशाच एका वादळानंतर आम्ही दुकानात उभे असताना एक बाई आल्या.

"भाऊ, आज पण लिहूनच ठेवा."

दुकानदार क्षणभर थांबला. मग म्हणाला, "वहिनी, मागचं थोडं जमलं तर बघा. तेल मात्र न्या. आणि चहापत्ती राहिली का?"

ही वही म्हणजे धर्मादाय नव्हे. उधारीवाला घासाघीस करू शकत नाही आणि न सांगितलेले व्याज भावातच दडलेले असते, हे आम्ही जाणतो. परंतु 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागून हातातील काम बुडाले, तेव्हा मजुरी करणाऱ्या घरांना अनेक आठवडे ह्या वहीनेच जगविले. कोणत्याही सुपरमार्केटात 'लिहून ठेवा' हे वाक्य चालत नाही.

ती बाई गेल्यावर दुकानदाराने आपली अडचण सांगितली. काही मालाचा मोठ्या दुकानातील विक्रीचा भाव त्याच्या स्वतःच्या खरेदीच्या भावाहून कमी असतो. ही तक्रार एकट्या जसोंडीची नाही. देशभरच्या वितरकांनीही ती मांडली आहे. "गुरुजी, रोख देणारे तुम्ही नोकरदार. तुम्ही शहरातून भरता. माझ्याकडे उरतात उधारीवाले. मग मी माल कशाने भरू?"

ह्या एका वाक्यात बरेच अर्थशास्त्र आहे. रोख गिऱ्हाइकाच्या पैशावर उधारीची वही चालते. आपण दहा रुपये वाचवितो तेव्हा ते सगळेच काही गर्भश्रीमंत कंपनीच्या नफ्यातून येत नाहीत. थोडे त्या वहीतूनही येतात. आणि स्वस्त दुकान कायमचे राहील अशी खात्री तरी कोणी द्यावी? चेन्नईत 1997 साली निघालेली 'सुभिक्षा' हीही स्वस्तात विकणारीच होती. तिची दुकाने सोळाशेच्या घरात गेली आणि 2009 साली सारा डोलारा कोसळला. 2001 साली निघालेल्या 'बिग बाजार'ची दुकानेही 2022 साली दुसऱ्या कंपनीच्या हाती गेली आणि नाव मिटले. मोठ्या शहरात एक दुकान बंद पडले तर दुसरे असते. गावात वही एकदा मिटली की मिटली.

म्हणून गावातूनच सगळे महाग घ्यावे असे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. शिक्षकाच्या पगारालाही शेवटचा आठवडा असतो. ह्या बाबतीत मुंबईच्या ग्राहक पंचायतीची 1975 पासूनची पद्धत आम्हांस आठवली. तेथे दुकान नाहीच. शेजारची काही कुटुंबे मिळून संघ करतात, एकत्र यादी देतात आणि घाऊक भावाने आलेला माल आपापसांत वाटून घेतात. आम्ही सहा घरांनी थोडा फरक करून तोच प्रयोग केला. बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याकडे न जाता गावच्याच दुकानदाराला विचारले : सहा घरांची यादी आणि रोख पैसे एक तारखेला मिळाले, तर भाव काय? त्याने दोन दिवस आकडेमोड केली. पोत्याने डाळ-साखर आणि डब्याने तेल आणले, तर बऱ्हाणपूरच्या भावावर केवळ भाड्याचा आणि थोड्या मेहनतान्याचा बोजा चढवून देता येईल, असे त्याने सांगितले. साबण-पावडरीत मात्र त्याला मोठ्या दुकानाची बरोबरी करता आली नाही. ते त्याने स्वतःच कबूल केले, आणि त्या वस्तू आम्ही कोणी इंदूरला गेले की मागवितो.

हा क्रम गेले पाच महिने चालू आहे. एक घर गळाले, कारण त्यांना विशिष्ट नावाचाच तांदूळ हवा होता. दोन नवी घरे आली, त्यांतील एक त्या वादळवाल्या बाईंचे. त्या अर्धे रोख देतात आणि अर्धे वहीत लिहवितात. दुकानदाराने त्यांना भाव मात्र आमचाच लावला आहे. तो कसा परवडतो असे आम्ही विचारले, तेव्हा त्याने तराजूवरची धूळ पुसली आणि पुढच्या महिन्यासाठी तेलाचे डबे किती, असे उलट आम्हांलाच विचारले.