वळण

मराठीत 'वळण' हा शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी नांदत आला आहे. वाट वळण घेते तेव्हा ती सरळ रेषा सोडते. मुलाला वळण लागते तेव्हा ते मार्गावर आले असे घरची वडीलधारी माणसे मानतात. आणि अक्षराचे वळण पाहून पत्र कोणाच्या हातचे ते ओळखता येते. ढळणे, शिस्त आणि ओळख. हे तिन्ही अर्थ एकाच वेळी ज्यात प्रत्ययाला येतात असा एक खेळ आहे, आणि मराठी वाचकाने तो बहुधा कुंपणाबाहेरूनच पाहिलेला असतो. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला. तरीही गोल्फ या देशात मूठभरांचाच राहिला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, पांढरा चेंडू सरळ मारत मारत दूरच्या निशाणापाशी न्यायचा, एवढेच. आत जो उतरतो त्याला पहिल्याच दिवशी कळते, की सरळ जाणारा चेंडू ही या खेळातली सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे.

याचे मूळ हवेत आहे. क्लबचे सपाट पाते चेंडूला भिडते ते सुमारे सेकंदाचा दोन हजारावा भाग एवढाच वेळ. तेवढ्यात सेहेचाळीस ग्रॅमांहून किंचित हलक्या त्या चेंडूला वेग मिळतो आणि मागच्या बाजूला फिरणारी गिरकीही मिळते. ही उलटी गिरकी भोवतालच्या हवेला खाली लोटते आणि चेंडू वर उचलला जातो. गिरकीचा अक्ष अंशभर जरी एका अंगाला कलला, तरी तीच उचल चेंडूला त्या अंगाला ओढू लागते. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्यापूर्वीच हवेत सरकतो, त्यामागेही हेच कारण असते. तिरक्या फटक्याने टेनिसचा चेंडू वक्र जातो हे न्यूटनने १६७२ साली नोंदवून ठेवले होते. पुढे १८९० च्या दशकात एडिंबरोचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी गोल्फच्या चेंडूचे उड्डाण गणिताने तपासले आणि उलट्या गिरकीचे महत्त्व दाखवून दिले. त्यांचा मुलगा फ्रेडी हा त्या काळचा नामवंत हौशी गोल्फपटू. बापाने समीकरणात जे शोधले ते मुलाच्या मनगटात आधीपासूनच होते, असे म्हणायला हरकत नाही.

पाते आणि क्लबच्या फेकीची दिशा यांत अंतर पडले की कल आलाच. आणि माणसाचा हात हे अंतर क्वचितच शून्यावर आणू शकतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हलकेच डावीकडे झुकला तर त्याला 'ड्रॉ' म्हणतात, हलकेच उजवीकडे झुकला तर 'फेड'. हीच वळणे हाताबाहेर गेली की त्यांची नावे बदलतात: डावीकडचे 'हुक', उजवीकडचे 'स्लाइस'. गुण आणि दोष यांच्यामध्ये येथे केवळ प्रमाणाचा फरक आहे. ड्रॉ बहुधा खालून जातो आणि जमिनीवर पडल्यावर पुढे धावतो. फेड उंच जातो, थोडा कमी पल्ला गाठतो, पण पडल्या जागी लवकर स्थिरावतो.

मग जाणते खेळाडू सरळ फटक्याचा ध्यास का धरत नाहीत? कारण सरळ फटका चुकला तर तो कोणत्या बाजूला चुकेल याची शाश्वती नसते. ज्याचे वळण ठरलेले आहे त्याने निम्मे मैदान जणू विचारातूनच वजा केलेले असते. फेड मारणारा डाव्या कडेवर नजर ठेवतो. चेंडू ठरल्याप्रमाणे वळला तर मध्यावर येतो, थोडा कमी वळला तर डाव्या कडेशी आणि थोडा अधिक वळला तर उजव्या कडेशी, पण तिन्ही वेळा हिरवळीवरच. उंचीचेही असेच आहे. समोरून वारा आला की नवशिका जोर वाढवतो. जोराबरोबर गिरकी वाढते, चेंडू आणखी वर चढतो आणि वाऱ्याच्या स्वाधीन होतो. जाणता मोठा क्लब घेतो, फेक आखडती ठेवतो आणि चेंडू वाऱ्याखालून काढतो.

दक्षिण आफ्रिकेचा बॉबी लॉक आयुष्यभर डावीकडे वळणारा चेंडू मारत राहिला. लक्ष्याच्या कितीतरी उजवीकडे तोंड करून उभा राहणाऱ्या त्या माणसाचा चेंडू मोठा वळसा घालून जागेवर येई. हे वळण सुधारण्याच्या फंदात तो पडला नाही. १९४९, १९५०, १९५२ आणि १९५७ अशी चार वर्षे ब्रिटिश ओपनचे विजेतेपद त्याने त्याच वळणावर मिळवले. वळणाचे पाणी वळणावर जाणारच, ही आपल्याकडची म्हण. लॉकने त्या पाण्याला फक्त पाट काढून दिला.

परंतु प्रत्येकाचे वळण असे सुखाने नांदत नाही. टेक्ससचा बेन होगन हा दुसरा माणूस. १९२२ साली लोहारकाम करणाऱ्या त्याच्या वडिलांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. वर्तमानपत्रे विकून आणि फोर्टवर्थच्या एका क्लबात कॅडीचे काम करून तो वाढला आणि १९३० च्या सुमारास व्यावसायिक खेळाडू झाला. त्याच्या हाताला हुक होता: खालून जाणारा, वेगवान, ऐन वेळी डावीकडे बुडी मारणारा. तो कधी येईल याचा नेम नसे. लॉकचे वळण त्याला ठाऊक असे. होगनचे वळण होगनला फसवत असे. पैसा संपत आला, पुनःपुन्हा घरी परतावे लागले. एकट्याच्या नावावरचे पहिले विजेतेपद मिळायला १९४० साल उजाडले.

या माणसाने आपले वळणच बदलायचे ठरवले. दिवसचे दिवस तो एकटा चेंडू मारत राहिला. सरावाला श्रमाऐवजी विचाराचे रूप त्यानेच दिले असे जाणकार मानतात. १९४६ च्या सुमारास त्याला मार्ग सापडला. त्याची पकड आणि मनगट यांतला तो सूक्ष्म बदल पुढे १९५५ साली त्याने एका साप्ताहिकातून जाहीर केला. डाव्या हाताची पकड किंचित डावीकडे सरकवायची आणि फेकीच्या शिखरावर डावे मनगट मागे वाकवायचे. म्हणजे पाते मिटू पाहत असतानाही पूर्ण मिटू शकत नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की एवढ्या तपश्चर्येनंतरही त्याने सरळ रेषा मागितली नाही. त्याने दुसरे वळण मागितले, उजवीकडे अलगद झुकणारे, आणि ते आपल्या शब्दाला जागेल एवढेच पाहिले.

२ फेब्रुवारी १९४९ रोजी धुक्यात समोरून येणाऱ्या बसवर त्याची मोटार आदळली. शेजारी बसलेल्या पत्नीला वाचवण्यासाठी तो तिच्यावर आडवा झाला. कंबरेचे हाड, गळ्याचे हाड, घोटा मोडला. रक्ताच्या गुठळ्या थांबवण्यासाठी मोठी शिर बांधावी लागली. सोळा महिन्यांनी, जून १९५० मध्ये, पायांना पट्ट्या गुंडाळून तो मेरियन येथे अमेरिकन ओपन खेळायला उतरला. शेवटच्या दिवशी छत्तीस होल चालायचे होते. अखेरच्या होलवर पाय जवळजवळ साथ सोडत असताना त्याने लांब पल्ल्याच्या लोखंडी क्लबने चेंडू ग्रीनवर नेला, बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक फेरीत जिंकला. शरीर पूर्वीचे राहिले नव्हते. हाताचे वळण राहिले होते.

वळण निवडण्याची किंमतही असते. ऑगस्टाचे मैदान डावीकडे वळणाऱ्या चेंडूला अनुकूल समजले जाते. फेडवर खेळणाऱ्या ली ट्रेव्हिनोला ते कधीच मानवले नाही; तेथील मास्टर्स तो जिंकू शकला नाही. उलट, फेडवरच भिस्त असलेल्या जॅक निकलसने ती सहा वेळा जिंकली. तेव्हा मैदानाला दोष देऊनही सारा हिशेब लागत नाही.

आणखी एक गंमत ज्ञानाच्या बाजूची. कितीतरी दशके पुस्तके शिकवत आली, की चेंडू क्लबच्या फेकीच्या दिशेने निघतो आणि नंतर पात्याच्या दिशेने वळतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभी रडारने चेंडूची मोजणी सुरू झाली आणि उलटेच दिसून आले: चेंडू निघतो तो मुख्यतः पात्याच्या दिशेने, आणि वळतो तो फेकीपासून दूर. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रेष्ठ खेळाडू चुकीचे स्पष्टीकरण मनात बाळगून अचूक फटके मारत होते. शब्द चुकले होते. हात चुकले नव्हते.

१९५३ साली होगन स्कॉटलंडमधील कार्नूस्टीला ब्रिटिश ओपन खेळायला गेला. तेथील सहाव्या होलवर डावीकडे कुंपण आहे, पलीकडे गेलेला चेंडू बाद, मध्यावर बंकर. कुंपण आणि बंकर यांच्यामधल्या अरुंद पट्टीतून त्याने चेंडू काढल्याचे सांगतात, आणि ती जागा आज त्याच्या नावाने ओळखली जाते. फेड मारणाऱ्याला तेथे चेंडू कुंपणाच्या अंगालाच सोडावा लागतो. उजवीकडे परतण्यापूर्वी काही क्षण तो धोक्याच्या कडेकडेने जात असतो, आणि त्या क्षणांत मारणाऱ्याला करण्यासारखे काहीच उरलेले नसते. एके काळी ज्या बाजूने त्याला देशोधडीला लावले होते, त्याच बाजूकडे चेंडू सोडून तो उभा राहिला. चेंडू परत आला. ती स्पर्धा त्याने जिंकली.