आईंचा आवाज आणि संगणकाची रोजकीर्द



सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं झाली तेव्हाची व्हिडिओ कॅसेट नुकतीच संगणकावर उतरवून घेतली. सासूबाईंचा आवाज आता तेवढाच उरलाय. ती फाइल जादा हार्ड डिस्कवर टाकायला गेले, तर ‘फाइल फार मोठी आहे’ असं उत्तर आलं. डिस्क तर निम्मी रिकामी!

मुलाला फोन केला. तो म्हणाला, “आई, ती डिस्क फॅट-३२ पद्धतीची आहे. तिच्यात ४ जीबीची एक फाइल मावत नाही. फाइल सिस्टिम बदलावी लागेल.”

फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवर काय कुठे ठेवलंय याची वही. पर्याय दोन होते. एक्सफॅटमध्ये मोठ्या फाइल मावतात आणि विंडोज-मॅक दोन्हींवर लिहिता येतं. एनटीएफएस विंडोजचं; मॅकवर ते नुसतं वाचता येतं. पण त्यात ‘जर्नल’ असतं, म्हटल्यावर मी कान टवकारले. बी.कॉम.ला आधी रोजकीर्द, मग खतावणी, असंच शिकलो ना आपण? एनटीएफएसही वहीत बदल करण्याआधी तो टिपून ठेवतं. मध्येच लाइट गेली, तर नंतर ते टिपण पाहून वही जुळवून घेतं. एक्सफॅटमध्ये ही सोय नाही.

आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून घरच्या डिस्कसाठी एनटीएफएस ठरवलं. लेकीकडे मॅक आहे, तिला द्यायचा पेन ड्राइव्ह मात्र एक्सफॅट.

‘फॉरमॅट’वर बोट ठेवलं आणि थबकले. फॉरमॅट म्हणजे डिस्क कोरी. सासऱ्यांच्या पत्रांचे फोटो तिच्यावरच होते! आधी ते संगणकावर उतरवले, दोन-चार उघडून पाहिले, मगच बटण दाबलं.

मुलाने शेवटी बजावलं, “जर्नल वही सांभाळतं, आई, माल नाही. डिस्कच बिघडली तर काय करशील?” खरंच की. रोजकीर्द चोख असली म्हणून गोदामाला आग लागायची थांबत नाही. म्हणून आता तीन प्रती: संगणकात, डिस्कवर आणि लेकीकडे.

काल रात्री लेकीचा फोन आला. पलीकडून आधी सासूबाईंचाच आवाज ऐकू आला. दोघी बराच वेळ काही बोललोच नाही.