राहिलेलं कडवं

रविवारी सकाळी चपला पायात सरकवता सरकवता आजी एकच विचारायची, "संगीत घेतलं का?" संगीत म्हणजे 'उपासना संगीत', आम्हा मराठी ख्रिस्ती मंडळींचं गीतांचं पुस्तक. पण पूर्ण नाव आमच्याकडे कोणी घेत नसे. घरातल्या माणसाला कोण पूर्ण नावानं हाक मारतं?

बायबल कपाटात वरच्या फळीवर असायचं. ते दोन्ही हातांनी काढायचं, वाचायचं, पुन्हा जागेवर ठेवायचं. संगीत मात्र घरभर वावरायचं. कधी खिडकीत, कधी आजीच्या उशाशी, कधी पिठाच्या डब्यावर. बायबल घरातले आजोबा म्हटले, तर संगीत ही आमची आत्या होती. सगळ्या खोल्यांतून फिरणारी, प्रत्येकाचं गुपित ठाऊक असलेली, आणि बारसं असो, लग्न असो की मयत, सगळ्यांच्या आधी हजर.

दिसायला ते बुटकं आणि जाडजूड. मूळ पुठ्ठा कधीच गेलेला. त्यावर खाकी कागद, खाकी कागदावर जुन्या कॅलेंडरचं गुळगुळीत पान. त्याची शिवण दोनदा उसवली आणि दोन्ही वेळा आजोबांनी गोणी शिवायच्या दाभणानं ती घातली. तेव्हापासून ते सरळ उघडत नसे, अंगठ्यानं दाबून धरावं लागे. मधल्या एका पानात शिंदीच्या पातीचा वाळलेला क्रूस आहे, कुठल्याशा झावळ्यांच्या रविवारी कोणी वळून दिलेला. आणि एका पानाच्या कोपऱ्यात आजीच्या तर्जनीचा हळदीचा ठसा आहे, रेषा मोजाव्यात इतका स्वच्छ. भाजी फोडणीला टाकून तिनं घाईनं पान उलटलं होतं.

ते हातातून निसटलं, की आजी उचलून कपाळाला लावायची. पुस्तकाला नमस्कार करायची आमच्या चर्चमध्ये रीत नाही. तिला ते कोणी शिकवलंही नव्हतं. पण तिचे हात नगर जिल्ह्यातल्या बाईचे होते. अन्नाला आणि अक्षराला पाय लागला, की ते हात आपोआप कपाळाकडे जात.

चर्चमध्ये या पुस्तकाचा रुबाब काही वेगळाच. पाळकसाहेब गीताचा क्रमांक सांगत आणि सतरंजीवर पानांची सळसळ सुरू व्हायची. आजीचं पान त्याआधीच निघालेलं असे. घरातल्या कोणाचे वाढदिवस तिच्या लक्षात राहत नसत, गीतांचे क्रमांक मात्र पाठ. पेटीवर मास्तर बसत. ते सूर नेहमी थोडा वरचा धरत. दुसऱ्या ओळीला पुरुषमंडळी गपकन खाली उतरत, बायका तशाच वर चढत राहत. तबला पुढे निघून जाई, मागच्या रांगेतले म्हातारे आपल्या चालीनं येत. पण शेवटच्या ओळीला सगळे एकदमच पोचत, दिंडीतली माणसं मुक्कामाला पोचतात तशी. त्या वेळी छपराचे पत्रे थरथरत. लहानपणी मला वाटायचं, देवाला ऐकू जातं ते हेच.

एक गोष्ट मात्र आजीला सलायची. पाळकसाहेब म्हणत, "आपण पहिलं, दुसरं आणि शेवटचं कडवं गाऊ." उपदेश व्हायचा असे, दान गोळा व्हायचं असे, सूचना वाचायच्या असत, लांबच्या मंडळींची एसटी असे. त्यांचंही बरोबरच होतं. पण मधली कडवी राहून जात.

आजी यावर चर्चमध्ये चकार शब्द काढत नसे. सोमवारी सकाळी चुलीपुढे बसली, की संगीत पिठाच्या डब्याला टेकवून उभं करायची आणि म्हणायची, "काल तिसरं राहिलं." मग परातीत भाकरी थापता थापता ती राहिलेलं कडवं म्हणायची. मी एकदा विचारलं, "आजी, एक कडवं सोडलं तर काय होतं?" ती म्हणाली, "पाच पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि दोघांना दारात उभं ठेवायचं, असं करतं का कुणी?"

मोठी झाल्यावर मी ती मधली कडवी नीट वाचली, तेव्हा तिचं म्हणणं मला उमगलं. पुष्कळ गीतांत पहिल्या कडव्यात स्तुती असते. शेवटच्या कडव्यात स्वर्गाचं दार दिसतं. मध्ये असतो रस्ता. तिथं डोळ्यांतलं पाणी आहे, केलेली चूक आहे, रात्रभरची जाग आहे, उद्याच्या भाकरीची काळजी आहे. आपला जन्म बहुतेक तिसऱ्या कडव्यातच जातो. रविवारी त्याला वेळ झाला नाही, तर सोमवारनं त्याला जागा द्यायला हवी, एवढंच आजीचं म्हणणं होतं.

आणि ती कडवी भाकरीच्या थापेवर बसत होती, याचं मला आजही नवल वाटतं. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत आले आणि 1831 साली नगरला. त्यांनी आपल्याबरोबर आपल्या चालीही आणल्या. त्या चालींत मराठी शब्द बसवायचे, तर ऱ्हस्वाला ताणावं लागे आणि दीर्घाला आखडावं लागे. मग नगरचे कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारखे कवी आपल्या मातीतल्या चालींत गीतं रचू लागले. पुढे नारायण वामन टिळक आले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेला हा कवी 1895 साली मुंबईत ख्रिस्ती झाला, पण येताना अभंग सोबत घेऊन आला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात बसवलं. म्हणून आजीला येशूला हाक मारण्यासाठी परका सूर लावावा लागला नाही. तिच्या आईनं जात्यावर जो सूर धरला असेल, त्याच सुरात तिची प्रार्थना झाली.

टिळक आणि त्यांची पत्नी लक्ष्मीबाई काही काळ राहुरीला राहिले होते. आमचं गाव त्याच बाजूचं, म्हणून आजी लक्ष्मीबाईंबद्दल शेजारणीबद्दल बोलावं तसं बोलायची. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' तिनं किती वेळा वाचलं असेल, देव जाणे. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं वर्षानुवर्षं सोडलं नव्हतं आणि स्वतःला पटलं तेव्हाच सोडलं, हे सांगताना आजीला मोठा अभिमान वाटे. तिला त्याहून प्रिय गोष्ट होती 'ख्रिस्तायना'ची. टिळक 1919 साली गेले, तेव्हा ते काव्य अर्धवट राहिलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं. आजी पीठ मळता मळता म्हणायची, "बघ, राहिलेलं कडवं तिनं म्हटलं."

2020 साली टाळेबंदी आली. झावळ्यांचा रविवार झावळ्यांवाचून गेला. 10 एप्रिलला उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता आणि चर्चला कुलूप. त्या दुपारी आजीनं संगीत मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "आज कुणाची एसटी नाही. सगळी कडवी म्हणू." आम्ही पाच जण भिंतीला टेकून बसलो. ना पेटी, ना तबला. सूर आजीनं धरला, तिला झेपेल तसा, खालचा. पहिलं झालं, दुसरं झालं. तिसऱ्या कडव्यात रोजच्या भाकरीचं मागणं होतं. तिथं बाबांचा आवाज अडकला. त्यांचा कारखाना तीन आठवडे बंद होता, पगाराचा पत्ता नव्हता आणि ते घरात कोणापाशी काही बोलले नव्हते. आम्ही सगळे थांबलो. आजी थांबली नाही. तिनं ती ओळ एकटीनं पुरी केली, पुन्हा पहिल्यापासून धरली, आणि दुसऱ्या खेपेला बाबा तिच्या मागोमाग आले. त्या रात्री जेवताना घराच्या हिशेबाची वही पहिल्यांदा सगळ्यांसमोर उघडली गेली. जे त्यांना कोणी विचारू शकलं नव्हतं, ते त्या कडव्यानं विचारलं.

दोन वर्षांनी आजी गेली. मयतीला कोणती गीतं घ्यायची, याचा घरात विचार चालला होता. आईनं संगीत उघडलं, तर मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीनं तीन क्रमांक लिहिलेले. खाली एकच ओळ : 'सगळी कडवी. घाई करू नये.' पाळकसाहेबांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आजींनी एवढी वर्षं ऐकून घेतलं. आज आपण त्यांचं ऐकू." भर उन्हात कबरस्तानात मंडळी उभी राहिली. मास्तरांनी त्या दिवशी सूर खालचा धरला, आजीच्या सुरात. तिन्ही गीतं पुरी झाली. कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

संगीत आता पुण्यात माझ्याकडे आहे. पानं पिवळी पडलीत, टाके पुन्हा सैल झालेत. तीच गीतं आता फोनवरही मिळतात. प्रवासात मला त्यांचा आधार वाटतो. पण स्वयंपाक करताना हात पिठाचे असतात, फोनचा पडदा मध्येच काळा होतो आणि ओळ तुटते. संगीत डब्याला टेकून मुकाट उभं राहतं. हात धुऊन येईपर्यंत वाट पाहतं.

गेल्या सोमवारी मी भाकरी थापत होते. माझी आठ वर्षांची मुलगी शाळेचा डबा घ्यायला आली आणि दारातच थबकली. "आई, काल कुठलं राहिलं गं?"

"तिसरं," मी म्हटलं.

तिनं दप्तर खाली ठेवलं, पुढे होऊन अंगठ्यानं पान दाबून धरलं. मी गॅस बारीक केला.