सहा झोन, चोवीस टोकं

घरभर आवाज हवा तर प्रत्येक खोलीत एकेक वायरलेस डबा ठेव, संपला विषय, असं ऑफिसात सगळ्यांचं मत. मी मात्र वायरवाला मल्टिझोन अ‍ॅम्प्लिफायर घेतला. कारण एकच, आई.

आईला काचबिंदू आहे. नजर फारशी उरलेली नाही, कान मात्र शाबूत. दिवसभराची सोबत म्हणजे आकाशवाणी. पण फोनवर काही ऐकायचं तर दर वेळी कुणाला तरी हाक मारायची. "अरे, जरा लावून देतोस का?" हे दिवसातून चारदा म्हणणं तिला किती जड जातं ते दिसत होतं. तिची अट एवढीच, "मला अ‍ॅप नको, बटण हवं."

तर मंडळी, हा प्रकार म्हणजे काय? एका खोक्यात सहा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यांच्यापुढे एक मॅट्रिक्स स्विच. सहा सोर्स आत, सहा झोन बाहेर, कुठलाही सोर्स कुठल्याही झोनला. आईकडे विविध भारती, हॉलमध्ये टीव्ही, स्वयंपाकघरात बायकोचं पॉडकास्ट. शिवाय एकच गाणं दोन खोल्यांत लावलं तरी मागेपुढे होत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे ३० मिलिसेकंद उशीर झाला की स्पीकर दहा मीटर लांब सरकल्यासारखा वाटतो. ब्लूटूथला याहून जास्त उशीर सहज होतो.

खरं काम वायरींचं. सहा झोन, बारा स्पीकर, चोवीस टोकं! प्रत्येक वायरीला दोन्हीकडे लेबल लावलं. लांबची खोली वीस मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस मीटर तांबं. दीडच्या वायरीचा रेझिस्टन्स मीटरला ०.०१२ ओहम, एकूण जेमतेम अर्धा. ८ ओहमच्या स्पीकरला चालून जातं. पाऊणची वापरली तर हाच आकडा एक ओहमच्या आसपास जातो, आणि पॉवर भिंतीतच जिरायला लागते.

अ‍ॅम्प्लिफायरला जोडण्याआधी प्रत्येक जोडी मल्टिमीटरवर तपासावी. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ दाखवतो, कारण मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो. शून्य आलं तर शॉर्ट, काहीच आलं नाही तर वायर तुटलेली. मग दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवायचा. कोन बाहेर आला की प्लस बरोबर. एक स्पीकर उलटा राहिला तर बेस गायब होतो. आणि दोन चॅनलचे मायनस एकत्र बांधायचे नाहीत. काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मायनसवरही सिग्नल असतो.

सगळं जोडलं, चालू केलं आणि... घूंऽऽऽ. सगळ्या खोल्यांत. अशा वेळी डोकं शांत ठेवून एकेक सोर्स काढत जायचं. टीव्हीची वायर काढली आणि शांतता. केबलवाल्याच्या वायरीतून एक अर्थिंग, प्लगमधून दुसरं, आणि दोघांच्या मध्ये फिरणारा करंट. टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलने घेतला, विषय मिटला. प्लगची तिसरी पिनच काढून टाका, असा सल्ला देणारे भेटतात. कृपया ऐकू नका, ती जीव वाचवायला असते.

आता आईची खोली. पलंगाशेजारी हाताला येईल असा कीपॅड बसवला. एफएम ट्यूनर कायम सोर्स एक. चालू-बंदच्या बटणावर एम-सीलचा एक बारीक ठिपका, आवाज वाढवायच्या बटणावर दोन. भिंतीवरची जागा तिनेच हात लांब करून दाखवली होती.

तिसऱ्या दिवशी मी उठायच्या आधीच तिच्या खोलीतून बातम्या ऐकू आल्या. पण मला जास्त बरं वाटलं ते दुपारी. कुठलीशी जाहिरात लागली आणि तिने फटकन रेडिओ बंद केला. एरवी नको असलं तरी तो चालूच राहायचा. लावायला हाक मारलीच होती, आता बंद करायला परत कशाला, म्हणून.

असो. तुमच्याकडे रंगकाम किंवा पीओपी निघणार असेल तर त्याआधी वायरी टाकून घ्या. अ‍ॅम्प्लिफायर नंतरही घेता येतो. आणि बटण कुठे हवं, ते ज्याला वापरायचंय त्यालाच विचारा.