परातीएवढ्या होडीत सामान कुठे ठेवायचं?

बंगळुरूचं के. आर. पुरम तुम्हाला ट्रॅफिकमुळे माहीत असेल. घरातलं कुणी व्हाइटफिल्डला नोकरीला असलं, की टिन फॅक्टरीजवळची कोंडी, तारांवर तोललेला पूल आणि ९ ऑक्टोबर २०२३ पासून सलग धावू लागलेली जांभळी मेट्रो, एवढं फोनवर ऐकायला मिळतंच. या भागातल्या पाण्याबद्दल मात्र फारसं कुणी सांगत नाही.

मेट्रोतून उतरून जुन्या मद्रास रस्त्याने होसकोटेच्या दिशेने निघा. आधी वेंगय्याचा तलाव लागतो. थोडं पुढे एले मल्लप्पा शेट्टींचा मोठा तलाव. कन्नडमध्ये ‘एले’ म्हणजे पान. मल्लप्पा शेट्टी विड्याच्या पानांचे व्यापारी होते आणि त्यांनी पदरच्या पैशाने हा तलाव बांधवला, असं इथे सांगतात. त्याच रस्त्याने आणखी पुढे होसकोटेचा तलाव येतो, पक्षी बघणाऱ्यांचा आवडता. बंगळुरूच्या अशा तलावांवर पहाटे जाल तर मासे धरणारी माणसं दिसतील, आणि त्यांच्या होड्या चक्क गोल असतात. पुढचं टोक नाही, मागचं टोक नाही. लग्नाच्या पंगतीतली मोठी परात पाण्यावर ठेवावी तशी.

तिला कन्नडमध्ये हरिगोलू म्हणतात, तेप्पाही म्हणतात. पूर्वी बांबूच्या कामट्यांची टोपली विणून तिला बाहेरून कातडं लावत. मग कातड्याच्या जागी डांबर लावलेलं कापड आणि प्लास्टिक आलं. आता बऱ्याच ठिकाणी फायबरची मिळते. १५२० च्या सुमारास विजयनगरला आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने अशाच होड्यांचं वर्णन केलं आहे. पंधरा-वीस माणसं बसतात, वेळ पडली तर घोडेही नेतात, पण होडी सारखी गरगर फिरत राहते, असं तो लिहितो. पाचशे वर्षांनंतरही ती फिरतेच. ती सरळ न्यायची म्हणजे काठाशी उकिडवं बसून वल्हं पुढच्या बाजूला, डावी-उजवीकडे हलवत पाणी आपल्याकडे ओढायचं. वल्ह्याला कन्नडमध्ये ‘हुट्टू’ म्हणतात आणि लाकडी डावालाही तोच शब्द आहे. वल्हवण्याची ती पद्धत बघितली, की हा शब्द कुठून आला असेल ते विचारावं लागत नाही.

पण तुम्ही बघायला हवं ते होडीच्या आत. एका माणसाच्या त्या गोलात जाळं, वल्हं, पाणी उपसायला कापलेला प्लास्टिकचा डबा, माशांसाठी गोणी, पिशवीत बांधलेला फोन, एवढं सगळं असतं. कप्पे नाहीत, खण नाहीत. तरीही कुठलीच वस्तू वाटेल तिथे टाकलेली नसते. माणूस एका काठाशी बसला की होडी त्याच्या बाजूला झुकते, म्हणून ओलं, जड जाळं समोरच्या बाजूला. डबा हाताशी, कारण पाणी आत आलं तर तो शोधत बसायला वेळ नसतो. आणि पायांजवळ दोरीचा एकही फास नाही. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे. पाण्यात सोडलेल्या जाळ्याचा फास अंगठ्यात किंवा शर्टाच्या बटणात अडकला, तर जाळं थांबत नाही, माणूस ओढला जातो. नायलॉनचा बारीक धागा हाताने तुटत नाही.

जाळं भरायची रीत तर बघत राहावी अशी. पडद्यासारखं पाण्यात उभं राहणारं हे जाळं असतं. वरच्या दोरीला तरंगणारे तुकडे, खालच्या दोरीला शिशाची वजनं. सोडताना जे आधी जायचं ते सगळ्यांत वर यायला हवं, म्हणून भरताना शेवटापासून सुरुवात. तरंगणारी बाजू एकीकडे, शिशाची दुसरीकडे, आणि मधलं जाळं सैल घड्यांनी. खाली गोणपाट किंवा ताडपत्री, नाहीतर बांबूच्या प्रत्येक कुसळात धागा अडकायचा. संध्याकाळी जाळं सोडायचं आणि पहाटे ओढायचं. म्हणजे एकदा अंधार पडताना आणि एकदा तो सरण्याआधी. डोळ्यांचं अर्धं काम हातांनाच करावं लागतं. घरात दिवे गेल्यावर आई मेणबत्ती कुठे आहे ते न शोधता काढते ना, तसं.

हीच युक्ती दुसऱ्या एका होडीत सापडते. समुद्रावर हल्ली चालवतात ती कयाक ग्रीनलंड-कॅनडाकडच्या इनुइट लोकांची, मुळात शिकारीची. बर्फाळ पाण्यात, एकट्याने, कातडी मढवलेल्या निमुळत्या होडीत बसून ते सीलची शिकार करत. आत हात घालायला जागाच नसे, म्हणून सामान होडीच्या पाठीवर. समोर छोट्या गोल चौरंगावर भाल्याच्या दोरीची वेटोळी, भाला बाजूला पट्ट्यांखाली आणि सीलच्या कातड्याचा हवा भरलेला फुगा पाठीमागे. भाला लागला की दोरी वेटोळ्यातून सुटायची आणि फुगा पाण्यात जायचा. वेटोळं अडकलं तर होडीच उलटायची. के. आर. पुरमच्या पायाजवळ दोरी नको आणि ग्रीनलंडचा चौरंग, दोन्हींमागे एकच भीती आहे.

आता तुमच्याकडे. कोकणात किंवा कारवारच्या बाजूला सुट्टीत गेलात आणि वर बसायच्या प्लास्टिकच्या कयाकमधून गळ टाकायची हौस असेल, तर दुकानातल्या चकचकीत खोक्यांआधी परातीतली मांडणी आठवा. जड सामान मध्ये आणि खाली. सीटच्या मागे दुधाच्या पिशव्यांचा प्लास्टिक क्रेट बांधला तरी भागतं. जगभरातले कयाकवाले तेच करतात, आणि मला तो महागड्या पेटीपेक्षा बरा वाटतो, कारण त्यातून पाणी निथळतं. मागे वळून जे घ्यावं लागेल ते कमी वेळा लागणारं असावं. वळताना तोल जातो. चिमटा आणि गळांची डबी समोर, झाकण लावून. उघडे गळ होडीत कधीच नकोत. वल्हं आणि काठी आखूड दोरीने होडीला बांधा, पण दोऱ्या लांब ठेवू नका, उलटलात तर त्याच गुंततात. लाइफ जॅकेट अंगात, शिट्टी आणि छोटी सुरी जॅकेटलाच. होडीपासून वेगळे झालात तरी या दोन गोष्टी सोबत राहतील. लाटांमधून किनाऱ्याला येताना काठ्या आडव्या करून बांधून टाका. मुलांना नेणार असाल तर गळ घरीच ठेवा, नुसतं वल्हवू द्या. आणि पावसाळ्यात समुद्र सोडाच.

तलावात गळ टाकायचा मोह झाला तर आधी विचारा. इथल्या तलावांमधल्या मासेमारीचा ठेका दिलेला असतो. कटला, रोहूची पिल्लं कुणीतरी पैसे घालून सोडलेली असतात. बेस्तर समाजाच्या कित्येक घरांची चूल या पाण्यावर चालत आली आहे. ते पाणी आता सांडपाण्याने काळवंडतं. जलपर्णी वाढली की जाळं सोडायला मोकळी जागा शोधावी लागते आणि ओढताना माशांपेक्षा मुळांचं वजन जास्त भरतं. गुंतलेला तुकडा सोडवता येत नाही, मग तो कापून तिथेच टाकला जातो. पाण्यात राहिलेलं असं जाळं मासे धरतच राहतं, आणि माशांमागे बुडी मारणारे पाणकावळेही त्यात अडकतात. म्हणून कामाला पक्की माणसं कापलेले तुकडेही गोणीत भरून काठावर आणतात. त्यासाठी होडीत वेगळी जागा लागते, आणि ती असते.

बघायला जायचं तर सकाळी सहाच्या सुमारास जा. पाठीमागे ट्रकचे हॉर्न चालू असतील, तिकडे लक्ष देऊ नका. फोटो काढण्याआधी विचारा. जाळं ओढून झाल्यावर मासे तिथेच काठावर सोडवतात, टिलापियाचे काटे टोचू नयेत म्हणून डोक्याकडून धरून. नंतर जाळं झटकून पसरतात. शेवटी होडी डोक्यावर घेऊन वर आणतात, झाडाखाली उपडी ठेवतात आणि वल्हं तिच्याखाली सरकवून देतात.