दीवच्या टेकडीवरची 'खुकरी'

दीवला जाणारी आपली मंडळी नागव्याचा किनारा, पोर्तुगीजांचा किल्ला आणि नायडा गुंफा पाहून परततात. बडोद्याहून रात्रभर प्रवास करून आम्ही गेलो, तेव्हा आमचीही यादी तीच होती. चक्रतीर्थाच्या टेकडीवर चढलो ते केवळ सूर्यास्तासाठी. तिथे काचेच्या घरात एका युद्धनौकेची प्रतिकृती आहे. लेकीने विचारलं, "बाबा, खरं जहाज कुठे आहे?" मी समोरच्या पाण्याकडे हात केला.

हे आयएनएस खुकरीचं स्मारक. 1950 च्या दशकात ब्रिटनने पाणबुड्यांशी लढण्यासाठी 'ब्लॅकवुड' वर्गाच्या लहान, स्वस्त फ्रिगेट बांधल्या. त्याच आराखड्याच्या तीन आपण घेतल्या: खुकरी, कृपाण आणि कुठार. एका वर्गाच्या नौका असल्या की टर्बाइन, बॉयलर, व्हॉल्व्ह सारखेच असतात. एकीचा सुटा भाग दुसरीला बसतो, एकीवर शिकलेला खलाशी दुसरीवर काम करू शकतो. पण उणिवाही तिघींत सारख्याच उतरतात. खर्च वाचवायला या नौकांना पंखा एकच दिला होता. पाणबुडीवर मारा करणाऱ्या 'लिंबो' तोफेचा पल्ला जेमतेम एक किलोमीटर होता.

1971 च्या युद्धात कुठारच्या बॉयलरमध्ये स्फोट झाला आणि तिला ओढत मुंबईला न्यावं लागलं. उरल्या दोघी. 9 डिसेंबरच्या रात्री त्या दीवसमोरच्या समुद्रात पाकिस्तानची पाणबुडी 'हंगोर' शोधत होत्या. हंगोर फ्रेंच बनावटीची आणि त्यांच्यापेक्षा बरीच नवी होती. खुकरीवर सोनारचा पल्ला वाढवणाऱ्या एका सुधारणेची चाचणी चालू होती आणि त्यासाठी वेग कमी ठेवावा लागत होता. आम्ही सॉफ्टवेअरवाले चालू यंत्रणेवर नवा बदल तपासताना धास्तावतो. तिथे तर समोर शत्रू होता.

हंगोरचा पहिला टॉर्पेडो कृपाणवर सुटला, पण फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला आणि काही मिनिटांत ती बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं.

हे सगळं लेकीला सोपं करून सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांनी दुसरं जहाज बनवलं का?" बनवलं. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली नवी खुकरी 1989 मध्ये नौदलात आली. ती फ्रिगेट नव्हे, कॉर्व्हेट. पण नाव तेच ठेवलं. 32 वर्षांच्या सेवेनंतर 2021 मध्ये ती निवृत्त झाली आणि संग्रहालयासाठी 26 जानेवारी 2022 रोजी दीव प्रशासनाकडे सोपवली गेली.

"आणि त्या काकांच्या जागी?" तिचा पुढचा प्रश्न. उत्तर काय देणार? सुटा भाग बदलता येतो, जहाजाचं नावही पुढे चालवता येतं. त्या 194 घरांत मात्र ती जागा रिकामीच राहिली.

आम्ही चपला काढून स्मारकासमोर उभे राहिलो. सूर्य कधी मावळला ते कळलंच नाही. दीवला गेलात तर किल्ल्याआधी या टेकडीवर जा, आणि मुलांना बरोबर न्या.